पाच मिनिटांत कळतं म्हणे!

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखानदारांच्या आणि ठेकेदारांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. वागळे इस्टेटच्या वर्कशॉपवाल्यांनी तो पुढे ढकलला, रबाळ्यातून त्यावर अंगठे पडले, एक-दोन शिल्प निदेशकांनीसुद्धा, म्हणजे आयटीआयच्या शिक्षकांनीही, ‘अगदी खरं’ म्हणून टाकलं. मजकूर थोडक्यात असा: आयटीआयचं प्रमाणपत्र म्हणजे रद्दी, चार पर्यायांतला एक निवडून कोणी कारागीर होत नाही. पोराच्या हातात काम द्या, पाच मिनिटांत कळतं. दहा वर्षं काम केलेल्याची परीक्षा घेणं हा त्याचा अपमान आहे. परीक्षकाने स्वतः कधी पान्हा धरलेला नसतो. तेव्हा मूल्यमापनाचं थोतांड बंद करा, उस्तादाचा शब्द पुरे.

या पट्ट्यात मी शिकाऊ उमेदवार आणि वेल्डर-वायरमन तपासण्याचंच काम करतो, त्यामुळे गप्प बसवत नाही.

चार पर्यायांपासून सुरुवात करू. आयटीआयच्या अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेचा थिअरीचा पेपर संगणकावर होतो आणि त्यात पर्याय असतात, हे खरं. पण प्रात्यक्षिक वेगळं असतं, ते मेसेजवाल्याने सोयीस्करपणे गाळलंय. वैद्यकीय शिक्षणातले तज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये डॉक्टरांच्या परीक्षांबद्दल लिहिताना चार पायऱ्या मांडल्या होत्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि रोजच्या कामात खरोखर तसंच करतो. पर्यायांचा पेपर पहिल्या दोन पायऱ्यांपुरता. त्यावर कोणी अख्खा कारागीर ठरवत असेल तर तो चुकतोय. पण म्हणून त्या पायऱ्या फुकट जात नाहीत. आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, सारखा पडतो म्हणून तो बायपास करून देणारा वायरमन हाताने सफाईदारच असतो. ३० मिलिअँपिअर गळतीला तो का पडतो, एवढंच त्याला ठाऊक नसतं. घरातल्या माणसाला शॉक बसायला तेवढं अज्ञान पुरतं.

आता ‘पाच मिनिटांत कळतं’. मेसेजमधलं सगळ्यात लाडकं वाक्य हेच, आणि सगळ्यात पोकळही हेच.

वेल्डिंगचं घ्या. सिक्स-जी नावाची चाचणी असते. पाइप ४५ अंशात तिरका बांधून ठेवतात. तो फिरवायचा नाही, वेल्डरनेच त्याच्याभोवती वाकून, खाली बसून, मान मोडून सांधा पुरा करायचा. बाहेरून पाहिलं तर माळ ओवल्यासारखं वेल्डिंग दिसतं आणि फोरमन खूश होतो. पण सांध्याचा जीव मुळाशी, पाइपच्या आतल्या अंगाला असतो. म्हणून सांध्यातून पट्ट्या कापून काढतात आणि प्रेसवर यू आकारात वाकवतात, त्यातल्या काही मूळ बाहेरच्या बाजूला येईल अशा. ताणलेल्या बाजूवर ३ मिलिमीटरपेक्षा मोठी फट उघडली तर नापास. वरून देखणं आणि मुळाशी नीट न वितळलेलं काम या प्रेसवर उघडं पडतं. फोरमनच्या नजरेला ते पाच मिनिटांत काय, पाच तासांतही दिसणार नाही, कारण ते दिसण्याच्या जागी नसतंच.

दुसरं उदाहरण वायरमनचं, कारण तिथे झालेल्या कामात काहीच सापडत नाही. मेन बंद केल्यावर लाइन खरंच मेली आहे का, हे पाहायची एक रीत आहे: टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघायचा, मग बंद केलेल्या लाइनवर, मग पुन्हा चालू पॉइंटवर. तिसऱ्यांदा कशाला? मधल्या वेळात टेस्टरच मेला असेल तर दिवा न लागण्याला काही अर्थ उरत नाही म्हणून. ज्याने हे केलं त्याचा पंखा फिरतो, ज्याने नाही केलं त्याचाही फिरतो. फरक पाहायचा तर काम चालू असताना शेजारी उभं राहावं लागतं, हातात यादी घेऊन. आणि एकदा पाहून भागत नाही. साहेब उभे आहेत म्हटल्यावर सगळेच नियमाने वागतात.

शिवाय नजरेचा स्वतःचा एक दोष आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये अमेरिकी सैन्यातल्या अधिकाऱ्यांना वरिष्ठांनी दिलेले गुण तपासले. अंगकाठी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव या गोष्टी वेगवेगळ्या, पण एका बाबतीत ज्याला चांगले गुण, त्याला बाकीच्यांतही चांगलेच पडलेले. आपल्याकडे पोरगा वेळेवर येतो, ‘होय साहेब’ म्हणतो, युनिफॉर्म इस्त्रीचा असतो, म्हणून त्याचं फायलिंगही, म्हणजे कानसकामही, सरळ वाटायला लागतं. गुण्याला, म्हणजे काटकोन तपासायच्या हत्याराला, लावून उजेडाकडे धरलं की खरं काय ते कळतं.

दहा वर्षांचा अनुभव? मान आहेच. पण अनुभव कशाचा, हे विचारायला नको? ऐरोलीच्या टॉवरांमध्ये दहा वर्षं कंड्युट, म्हणजे वायरींच्या नळ्या, टाकणाऱ्याने मोटर सुरू करायचा स्टार-डेल्टा स्टार्टर उघडलेलाच नसेल, यात त्याचा दोष नाही. वेल्डिंगमध्ये तर एएसएमई या अमेरिकी यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेचा नियमच आहे की ज्या प्रक्रियेत वेल्डर पात्र ठरला, ती सहा महिने केली नाही तर पात्रता संपते, मग तो कितीही मुरलेला असो. अपमानाचा प्रश्न तिथे कोणी काढत नाही. उलट, वर्ग न करता नुसता हात दाखवून प्रमाणपत्र मिळवायची, म्हणजे पूर्वशिक्षणाच्या मान्यतेची सोय अशा जुन्या माणसांसाठीच केली आहे.

परीक्षकाबद्दलची तक्रार मात्र बरीचशी खरी आहे. सकाळी येऊन अख्खी बॅच उरकून, फोटो काढून संध्याकाळच्या लोकलने परत जाणारे महाभाग मलाही माहीत आहेत. मूल्यमापन संस्थांवर देखरेख ठेवायला २०१८ मध्ये राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद स्थापन झाली, ती उगीच नाही. पण परीक्षक वाईट असेल तर परीक्षक बदला, त्याच्या हातातली यादी बदला. ‘सुरक्षिततेची काळजी घेतो’ या ओळीपुढे कोणीही बरोबरची खूण करेल. ‘मेन बंद करून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली’ या ओळीपुढे खूण करायला बघावंच लागतं. मग तोच जॉब, म्हणजे पोराने केलेलं काम, दोन परीक्षकांना स्वतंत्रपणे तपासायला द्या. दोघांचे निकाल वारंवार जुळत नसतील तर यादी ढिली आहे किंवा दोघांपैकी एकजण झोपलाय.

राहिला उस्तादाचा शब्द. तो रोज पोराला बघतो, त्याच्याइतका पुरावा कोणाकडेच नाही, हे मी मानतो. पण हा उस्ताद बहुतेक वेळा पगार देणाऱ्याचा माणूस असतो. किमान वेतनात कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे वेगळे दर आहेत. पोराला कुशल म्हटलं की मालकाचा खर्च वाढतो. हे ठरवणं तोंडी शब्दावर सोडा आणि मूल्यमापनाचं थोतांड बंद करा म्हणणारे ठेकेदारच असावेत, हा योगायोग मला तरी पचत नाही. आणि तुर्भ्याच्या उस्तादाचा शब्द तळोज्यात कोण विचारतो? पोरगा तिथे गेला की पुन्हा हेल्पर.

ज्यांना उस्तादाचा शब्दच हवा, त्यांनी तो डायरीत लिहून घ्यावा: कुठलं काम, किती मापात, कितीदा, कोणाच्या मदतीशिवाय, खाली तारीख आणि सही. आणि त्या पानाची प्रत पोराच्या हातात द्यावी.