अजून नाही झालं ऑपरेशन?

पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते. मला स्तनाचा कॅन्सर आहे आणि उद्या पॅक्लीचा, म्हणजे पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाचा, सहावा डोस. त्याच्या आदल्या रात्री डेक्साच्या (स्टिरॉइडच्या) गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्या घेतल्या की झोप लागत नाही. दीड वाजलाय. नवरा घोरतोय. मी संध्याकाळपासून धुमसतेय.

आज सोसायटीत हळदीकुंकू होतं. घरचे नको जाऊ म्हणत होते. गर्दी, कुणाची सर्दी, माझ्या रक्तातल्या पेशींचे पडलेले काउंट. बरोबरच होतं त्यांचं, नव्हतंच जायला पाहिजे. पण सप्टेंबरपासून सांगलीतलं घर आणि मिरजेचं हॉस्पिटल या दोन टोकांमध्येच हेलपाटे घालतेय. जीव कंटाळला होता. काठपदराची साडी नेसले, डोक्याला त्याच रंगाचा स्कार्फ बांधला, मास्क लावला आणि गेले. पहिली पाच मिनिटं फार छान गेली. मग एक बाई (नाव घेणार नाही, त्या इथं आहेत, वाचतीलच) वाण हातात देता देता म्हणाल्या, "अगं, अजून नाही झालं ऑपरेशन?"

म्हटलं, नाही, माझं आधी केमो आहे, मग ऑपरेशन.

त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "हो का... आमच्या वन्संनापण आधी केमोच दिली होती."

एवढंच. वन्संचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. शेजारच्या दोघींनी लगेच नजर साडीच्या निऱ्यांत घातली. वर त्याच बाईंनी माझ्या डिशमधली तिळाची वडी उचलली. "तुला गोड नको ना, साखरेनं वाढतं म्हणतात." माझ्या डिशमधून! मी ४६ वर्षांची बाई, बँकेत लाखालाखाचे चेक पास करते, आणि माझ्या ताटातली वडी लोक उचलून नेतात.

साखरेचं आधी संपवते. भाकरी खाल्ली तरी पोटात तिची साखरच होते, मग काय, उपाशी मरू? माझ्या डॉक्टरांनी वजन उतरू देऊ नको म्हणून बजावलंय. डायबेटीस असता तर गोष्ट वेगळी. नाहीये मला डायबेटीस. वडी हवी होती मला.

पण राग वडीचा नाही. तो त्या "हो का..."चा आहे.

गंमत बघा. याच बाई गणपतीत माझ्या घरी आल्या होत्या. तेव्हा गाठीतून सुई घालून तुकडा काढायचा ठरलं होतं, तर म्हणाल्या, "सुई लावू नकोस हं, हात लावला की पसरतं." आता सुई लावून चार महिने झाले आणि त्याच विचारतात, अजून कापलं का नाही. एक काय ते ठरवा की! सुई नको पण सुरी हवी? (पसरत नाही हो सुईनं. आणि तुकडा काढल्याशिवाय कुठलं औषध द्यायचं हे कुणाला स्वप्नात कळणार आहे?)

त्या तुकड्याचा रिपोर्ट आला तोही किस्साच. ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह (या दोन हार्मोनच्या तपासण्या), हर टू निगेटिव्ह (ही एका प्रथिनाची). नवऱ्यानं कॉरिडॉरमध्येच पेढ्यांचा विचार सुरू केला, "सगळंच निगेटिव्ह, म्हणजे चांगलंच की!" बिचारा. आयुष्यभर निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे सुटलो हेच शिकलोय आपण. आत गेल्यावर कळलं, तिन्ही निगेटिव्ह म्हणजे हार्मोनच्या गोळ्या चालणार नाहीत, हर टूची इंजेक्शनंही चालणार नाहीत. मुख्य भिस्त केमोवर. आणि ती आधी.

आता खरं बोलते. "आधी केमो" ऐकलं तेव्हा माझाही चेहरा त्या बाईंसारखाच झाला होता. मला वाटलं, हे कापायच्या पलीकडे गेलंय. आईनं तर तोंडावरच विचारलं, "म्हणजे डॉक्टर, आता कापण्यात अर्थ नाही का?" गाठ ४.२ सेंटिमीटर होती, काखेतही एक गाठ लागली होती. डॉक्टर काय काय सांगत होते आणि मला फक्त पंख्याचा आवाज येत होता.

मला शुद्ध आली ती तिसऱ्या दिवशी, सोनोग्राफीच्या खोलीत. गाठीत खुणेची क्लिप बसवायची होती. आडवी पडलेय, जागा बधिर केलीय, स्क्रीनवर करडं-काळं काहीतरी हलतंय. तिथले डॉक्टर तरुण होते, गप्पिष्ट. म्हणाले, "मॅडम, एक तीळ ठेवतोय इथं." म्हटलं, तीळ? "धातूची खूण, तिळाएवढीच असते. केमोनं गाठ विरघळली तर सर्जनला जागा सापडायला नको का?"

विरघळली तर.

तोपर्यंत मला हा शब्द कुणी म्हटलाच नव्हता. म्हणाले असतीलही, पंख्यात गेला असेल. जी गाठ मला आंघोळ करताना साबणाखाली लिंबाएवढी लागत होती ती उद्या सापडणार नाही, म्हणून ही माणसं आधीच खूण करून ठेवतायत! मरणाऱ्या बाईच्या छातीत कशाला कोण खुणा करून ठेवेल? मी त्या टेबलावर रडले. ते घाबरले, दुखतंय का म्हणाले. दुखत नव्हतं.

हा तीळ मी गेले चार महिने जपतेय. केमोच्या लाल औषधाचे चार डोस गेले, तीन-तीन आठवड्यांनी एक. पहिला घटस्थापनेच्या दिवशी. सिरिंजमध्ये अगदी कोकम सरबतासारखं दिसतं ते, आणि घरी आल्यावर लघवीही तशीच लाल. आधी सांगितलं होतं तरी बाथरूममध्ये किंचाळले. त्याआधी हृदयाचा टू-डी इको काढतात, कारण ते औषध हृदयाला त्रास देऊ शकतं. सतराव्या दिवशी उशीवर केस. तोंड आलेलं, वरणसुद्धा झोंबायचं. पाण्याला पैशाच्या नाण्याची चव. पांढऱ्या पेशी पडल्या की पोटात सुई, आणि त्या सुईनं हाडं अशी ठणकायची की वाटायचं आतून कुणी उखळात कांडतंय. आता पॅक्ली दर आठवड्याला, बारा वेळा. हिला उलट्या कमी, पण बोटं बधिर. ब्लाउजचे हूक नवरा लावून देतो, तीन चुकवून एक लावतो. नखं काळी पडलीत. ॲलर्जी होऊ नये म्हणून देतात त्या आव्हिलच्या इंजेक्शननं खुर्चीत बसल्या बसल्या इतकी गुंगी येते की एकदा मी शेजारच्या जतच्या मावशींच्या खांद्यावर घोरले. त्या सरकारी आरोग्य योजनेत बसल्यात, पहाटेच्या एसटीनं येतात, डब्यात बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. ठेचा मला वास घ्यायला देतात फक्त.

केमोच्या दर सायकलच्या, म्हणजे फेरीच्या, आधी डॉक्टर कॅलिपर लावून गाठ मोजतात. सुतार लावतो तसला. चार लाल डोसांनंतर २.५ भरली. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांना सेंटिमीटर कळत नाहीत. त्यांनी हात आत घालून बघितलं (हो, आमच्याकडे आता लाज वगैरे काही राहिलेली नाही) आणि म्हणाल्या, "लिंबाची सुपारी झाली की गं."

एवढं साधं आहे ते. शितावरून भाताची परीक्षा. गाठ आधी कापून टाकली असती तर औषध नंतर दिलंच असतं, पण लागू पडतंय की नाही हे बघायला शीतच उरलं नसतं. आत्ता दिसतंय, मोजता येतंय. लहान झाली तर कदाचित सगळं स्तन काढावं लागणार नाही, काखेतलंही कमी काढावं लागेल. काढलेल्यात काही जिवंत उरलेलं सापडलं तर पुढे कुठलं औषध जोडायचं तेही त्यावरून ठरतं. हे "शेवटचा उपाय" कसं काय झालं?

बरं, उगाच आव आणत नाही. आधी केमो घेतली म्हणून आयुष्य जास्त मिळतं असं नाही. अमेरिकेत १९८८ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात दीड हजारांहून जास्त बायका होत्या, निम्म्यांना केमो आधी, निम्म्यांना नंतर. जगण्यात फरक पडला नाही. आधी घेतलेल्यांमध्ये स्तन वाचवता आलेल्या बायका मात्र जास्त निघाल्या. आणि हो, सगळ्यांची गाठ बारीक होतेच असं नाही. काहींची केमो चालू असताना वाढते, मग घाईनं ऑपरेशनला घ्यावं लागतं. माझ्याच डे केअरमध्ये (केमो देतात त्या वॉर्डात) एकीचं झालं तसं. आणि छोटीशी, सुरुवातीची गाठ असेल तर बऱ्याचदा आधी ऑपरेशनच करतात. मान्य. सगळं मान्य. म्हणून तुम्ही हळदीकुंकवात आवाज खाली करणार?

आणि मग त्या "आमच्या ओळखीतले वैद्य". आणि लक्ष्मणफळ. चुलतदिरांनी कुठून कुठून शोधून टोपलीभर आणलं, केमोपेक्षा हजार पट भारी म्हणे, मोबाइलवर आलंय. प्रेमानंच आणलं हो त्यांनी, गाडीचं पेट्रोल जाळून. पण मी डॉक्टरांना न विचारता काही खात नाही म्हटल्यावर तोंड एवढंसं झालं त्यांचं, आणि त्यांची समजूत मी काढायची! केमो मला, आणि धीर मी देतेय सगळ्या गावाला. फोन आला की आधी समोरच्याला रडू द्यायचं, मग पाणी पी म्हणायचं, मग "अगं मी बरी आहे" म्हणायचं. दमले मी याला. औषधापेक्षा जास्त दमले.

चिडले ना परत. पाणी पिऊन येते.

आले. स्वयंपाकघरात दिवा होता. सासूबाई जाग्या होत्या, ओट्याशी बसून शेंगा सोलत होत्या. रात्री दोन वाजता. त्यांनाही झोप नाही, आणि त्या तर डेक्सा घेत नाहीत. म्हणाल्या, "तिनं वडी उचलली म्हणून चिडलीस?" म्हटलं, वडीसाठी नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते मला सोळा वर्षांच्या संसारात माहीत नव्हतं. त्यांच्या मोठ्या जाऊबाईंना हेच झालं होतं. लाजेपायी दाखवलं नाही कुणाला. दाखवलं तेव्हा गाठ फुटून जखम झालेली, पदराखाली कापूर ठेवायच्या वासासाठी. तेव्हाही डॉक्टर म्हणाले होते, आत्ता कापता येत नाही, आधी औषध देऊन बघू. तीन डोस झाले. पुढे गाडीभाड्याला पैसे नव्हते.

म्हणजे त्या बाईंची कुजबुज आभाळातून पडलेली नाही. एके काळी आधी केमो मिळायची ती बहुतेक अशांनाच, ज्यांचं कापताच येत नव्हतं. त्यांच्या वन्संचंही असंच असेल. ते मनात बसलंय पिढीच्या. बाईंवरचा राग थोडा उतरला. थोडाच. कारण विचारता आलं असतं ना? "आधी केमो का गं?" एवढं विचारलं असतं तर मी तिथंच बसून लिंबू-सुपारी सगळं सांगितलं असतं, तिळाचंसुद्धा. मला सांगायला आवडतं ते. आणि मग त्यांच्यातल्या एखादीनं घरी जाऊन न्हाणीघरात दार लावून स्वतःला नीट तपासलं असतं. तुम्ही तपासता का? मी नव्हते तपासत. साबण निसटला म्हणून सापडली.

शेवटचा डोस मार्चच्या सुरुवातीला, मग रक्त भरून येईपर्यंत तीन-चार आठवडे, मग ऑपरेशन. म्हणजे बरोबर मार्च एंडला. २२ वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मार्च एंडला मी बँकेत नसेन. मॅनेजर साहेब माझ्यापेक्षा जास्त घाबरलेत. तर ज्यांना "झालं का?" विचारायचंय त्यांनी एप्रिलमध्ये विचारा. तोपर्यंत "आज काय खाल्लंस" विचारा. किंवा जतच्या मावशींसारखा ठेचा घेऊन या.

सासूबाईंना मी तिळाचं सांगितलं आत्ता. इतके दिवस सांगितलं नव्हतं, त्यांना छातीत धातू वगैरे ऐकून भीती वाटेल म्हणून. त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या. "मग ऑपरेशनात ते काढतात का तसंच राहतं?" म्हटलं, काढतात, काढलेल्या भागाचा एक्सरे करून बघतात तीळ त्यात आला का.

"मग आपल्याला दाखवतात का?"

म्हटलं, माहीत नाही, विचारते उद्या.

"विचार. मला बघायचंय," म्हणाल्या आणि डब्यातून वडी काढून माझ्या हातावर ठेवली. चव लागत नाही अजून, नाण्यासारखीच लागली. खाल्ली.

साडेसहाला निघायचंय. गजर लावलाय. कमेंटमध्ये लक्ष्मणफळ लिहाल तर ब्लॉक करेन.