कॉकाटीलला चिप का बसवली नाही: दवाखान्याचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा कॉकाटील (तुरेवाला छोटा पोपट) उडून गेला हे वाचून फार वाईट वाटलं. ‘चिप बसवायला नेलं तर डॉक्टरांनी नकार दिला, वर तपासणीचे पैसे घेतले. चिप असती तर पक्षी सापडला असता,’ असं तुम्ही लिहिलंय. पैसे पक्षी तपासल्याचे होते. पण शेवटच्या वाक्यावर बोलायलाच हवं, ते वाचून आणखी कुणी एवढ्याशा जिवाला सुई टोचायला सांगेल.

मायक्रोचिपमध्ये बॅटरी नसते, जीपीएस नसतं. तांदळाच्या दाण्याएवढ्या काचेच्या नळीत १५ अंकी नंबर असतो. स्कॅनर अगदी जवळ धरला तरच तो वाचता येतो. म्हणजे पक्षी आधी कुणाच्या तरी हाती लागला पाहिजे, आणि त्या माणसाने त्याला स्कॅनर असलेल्या दवाखान्यात नेलं पाहिजे. येऊरच्या झाडीत बसलेला पक्षी चिपने शोधता येत नाही. पक्षी कुणाचा, एवढंच ती सांगते.

आणि ती बसते छातीच्या स्नायूत, जाड सुईने. आफ्रिकन ग्रे पोपट ४००-५०० ग्रॅमचा असतो, त्याला ते झेपतं. तो सायटीस या धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते, चोरीचीही भीती असते. त्याला चिप बसवा असं मी स्वतःहून सांगतो. तुमचा पक्षी ९० ग्रॅम भरला. त्याच्या अंगात रक्तच जेमतेम ९ मिली. आत रक्तस्राव झाला तर हाताशी वेळ राहत नाही. उद्या पुन्हा कुणी कॉकाटील आणला तरी मी नाहीच म्हणेन.

त्याच्या पायात रिंग आहे, नंबर आमच्या नोंदीत आहे. फोन करा, लगेच देतो. तो कुणालाही नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो, म्हणून आसपासच्या सोसायट्यांच्या वॉचमनना फोटोसोबत द्या. पिंजरा दार उघडं ठेवून, दाणे घालून गॅलरीत ठेवा. पहाटे आणि संध्याकाळी त्याच्या ओळखीची शीळ घाला. घाबरलेला कॉकाटील उंच बसतो, त्याला खाली उतरायचं कसं ते कळत नाही, पण शिळेला ओ देतो. मिळाला की आधी दाखवायला आणा, कावळ्याने टोचलेलं पिसांखाली दिसत नाही.