आधी पोरीला घरात घ्या

आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो व्हिडिओ परत फिरला. अमेरिकेतला मोर्चा, हातात पाट्या, मागे गिटार, आणि खाली कुणीतरी मराठीत टाकलेलं: "गर्भपात म्हणजे खून. आमेन म्हणा." भराभर आमेन पडले. मी काही म्हटलं नाही, तर दोघीजणींचे फोन आले. "बाई, तुमचा विश्वास डळमळला की काय?"

विश्वास जागेवर आहे. पोटातला जीव हा जीव आहे असं मी मानते. अर्धं आयुष्य लेबर रूममध्ये गेल्यावर ते मला कुणी शिकवायला नको. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्या मंडळीकडे अडलेल्या पोरीला द्यायला एक खोली नाही, त्या मंडळीनं आमेन म्हणायची एवढी घाई करू नये.

ती पोर येते कशी, ते सांगते, कारण आमेन म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी ती पाहिलेलीच नाही. ती सहसा एकटी येत नाही. आई, मावशी नाहीतर आत्या सोबत असते आणि बोलते तीच. "पोटात गोळा झालाय." "पाळी पुढं-मागं झालीये." "नुसतं तपासून घ्या, सिस्टर." पोर खाली बघत असते.

एक अजून डोळ्यांपुढे आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, तालुक्याच्या गावी हॉस्टेलवर राहून शिकणारी. केस पेपर हातात दिला तर तिनं त्याची घडी घातली, मग घडीवर घडी, असं करत करत तो काडेपेटीएवढा करून टाकला. आई म्हणत होती, "लग्न झालंय असं लिहा." सोनोग्राफी करून परत येताना आई दोन पावलं पुढं गेली, तेव्हा पोर पहिल्यांदा बोलली. बाळाबद्दल नाही, पापाबद्दल तर नाहीच. "सिस्टर, हॉस्टेलच्या बाई काढून टाकतील का? परीक्षा मार्चात आहे."

पुढं काय झालं ते इथं लिहिणार नाही. तिची गोष्ट चारचौघांत सांगायची परवानगी मला कुणी दिलेली नाही. साक्षीच्या (विश्वासाचा अनुभव सांगायच्या) नावाखाली अशा पोरींच्या कहाण्या माइकवरून सांगायची आपल्याकडची सवय मला मुळीच पटत नाही.

पण तिच्या त्या प्रश्नात सगळं आलं. राहायचं कुठं, शिक्षणाचं काय, बापाला कोण सांगणार, बाळंतपणाला पैसे कुठून येणार. याची काहीतरी सोय लागली तर पोर मूल ठेवायचा निदान विचार करू शकते. नाही लागली, तर कुणाकरवी तरी मेडिकलमधून गोळ्या आणवते, किती दिवस गेलेत ते न कळताच घेते, आणि अंगावरून जायचं थांबेना म्हणून अपरात्री रिक्षात घालून आणावी लागते. अशा वेळी तिला पवित्र शास्त्रातली वचनं ऐकवणाऱ्यांना मी वॉर्डाबाहेर काढलेलं आहे. पुन्हा काढीन.

आपल्याला हे काम अमेरिकेकडून शिकायची गरजच नाही. पुण्यात १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसलेल्या विधवांनी तिथं गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल सोबत न्यायचं की तिथंच ठेवायचं ते स्वतः ठरवावं. ही अखेरची गोष्ट मला फार मोठी वाटते. त्या काळी अशा बाईला कुणी काही विचारतच नव्हतं, तिच्याबद्दल सगळे ठरवून मोकळे होत होते. तिथं बाळंत झालेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा फुल्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत, पुढं डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. जोतिराव ख्रिस्ती नव्हते, हे मुद्दाम लिहिते. असल्या कामाचा मक्ता आपल्याला कुणी दिलेला नाही.

आणि आपल्याच घरातली म्हणाल तर पंडिता रमाबाई. आपण त्यांचा फोटो लावतो, पण त्या येशूकडे वळल्या कशानं, ते किती जणांना ठाऊक आहे? इंग्लंडमध्ये असताना लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती जोगिणी (सिस्टर) चालवत असलेलं एक आश्रयघर त्यांनी पाहिलं. समाजानं "पतित" म्हणून टाकलेल्या बायका तिथं राहत होत्या, आणि त्यातल्याच काही पुढं आजाऱ्यांच्या सेवेला लागल्या होत्या. आपल्या देशात अशा बायकांसाठी कुणी असं काही केलेलं मी पाहिलं नव्हतं, असं रमाबाईंनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलंय. हे तुम्ही कशासाठी करता, असं त्यांनी सिस्टरला विचारलं. सिस्टरनं योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, आणि आता ज्याच्याजवळ राहते तो नवरा नसलेली. विहिरीवर येशू तिच्याशी बोलला, आणि पहिल्यांदा काय केलं? तिच्याकडं प्यायला पाणी मागितलं.

म्हणजे ज्या रमाबाईंच्या नावानं आपण मिरवतो, त्यांना प्रवचनानं नव्हे, तर टाकलेल्या बायकांना जवळ करणाऱ्या एका घरानं वळवलं. पुढं त्यांनी केडगावला (नगरचं नव्हे, दौंडजवळचं) मुक्ती मिशन उभं केलं. दुष्काळात बैलगाडीतून, आगगाडीतून पोरी आणल्या. आणि त्या आवारात कृपासदन काढलं ते खास अशाच बायकांसाठी. ज्यांना विधवाश्रमवालेसुद्धा दारात उभं करत नसत, त्यांच्यासाठी.

रमाबाईंचं सगळंच बिनचूक होतं असं नाही. १८९३ मध्ये शारदा सदनावरून, म्हणजे त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शाळेवरून, पुण्यात गदारोळ झाला, मुली प्रार्थनेला बसतात म्हणून केसरीनं झोडपलं, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मी रमाबाईंच्या बाजूची आहे, तरी त्यातून घ्यायचं ते मी घेतलंय. अडल्या पोरीच्या खोलीत बाप्तिस्म्याचा विषय निघता कामा नये. लोक धर्मांतराचा आळ घेतील म्हणून नव्हे, तो तर तसाही घेतात. जिला जायला दुसरं दार नाही तिच्यापुढं अट ठेवणं हीच मुळात लबाडी आहे. तिनं आपणहून प्रार्थना मागितली तर करा, नाहीतर चहा करा.

घर कसं बिघडतं ते पाहायचं असेल तर आयर्लंड पाहा. तिथंही अविवाहित आयांसाठी धार्मिक संस्थांनी घरं काढली होती. चौकशी आयोगाचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. अठरा संस्था, सुमारे ५६ हजार आया, आणि सुमारे नऊ हजार मेलेली मुलं. ट्यूम गावातलं घर १९२५ ते १९६१ चाललं. तिथं मेलेल्या ७९६ मुलांची नावं कॅथरीन कॉर्लेस नावाच्या एका स्थानिक अभ्यासक बाईनं नोंदी धुंडाळून काढली, आणि त्यांना पुरल्याची नोंद जवळपास कुणाचीच नव्हती. गर्भपात पाप आहे असं शिकवणाऱ्यांच्याच अंगणातली ही गोष्ट. आई नजरेआड ठेवायची, मूल तिच्यापासून तोडायचं, आणि याला दया म्हणायचं. पोर आली की आधी तिला लाज वाटली पाहिजे, असं मानणारं कुठलंही घर याच वाटेनं जाईल, मग ते कॅथलिक असो की आपलं प्रोटेस्टंट.

त्याच देशात २०१२ मध्ये आपल्या बेळगावची सविता हलप्पनवार गेली. एकतीस वर्षांची, दातांची डॉक्टर, सतरा आठवड्यांची गरोदर. गर्भ वाचणार नाही हे ठरलेलं होतं. तिनं स्वतः गर्भपात मागितला, पण ठोके चालू आहेत म्हणून थांबवून ठेवलं, तोवर विष रक्तात भिनलं. मी जीवाच्या बाजूची आहे म्हणते, तेव्हा सविताही त्यात धरलेली आहे. कुठल्या वेळी गर्भ धरून बसलं तर आईही हातची जाते, हे लेबर रूममधल्या कुठल्याही सिस्टरला विचारा. २०१८ मध्ये आयरिश लोकांनी सार्वमत घेऊन घटनेतली गर्भपातावरची बंदी काढली. छासष्ट टक्क्यांहून जास्त मतं बंदी काढायच्या बाजूनं पडली. ज्या चर्चचा शब्द तिथं खाली पडत नसे, त्याची ही गत का झाली, यावर आपल्याकडं कुणी प्रवचन करत नाही.

आता अमेरिका. तिथं गरोदर बायकांना मदत करणारी दोन-अडीच हजार ख्रिस्ती केंद्रं आहेत. फुकट चाचणी, सोनोग्राफी, डायपर, कपडे, कुठं कुठं राहायची सोय. माझे काही मित्र म्हणतात की हा सगळा सापळा आहे. सरसकट तसं नाही. रात्री अकराला फोन उचलणाऱ्या, पोरीला गाडीतून तपासणीला नेणाऱ्या बायका तिथं आहेत, त्यांच्या कामाला मी हात जोडते. पण दवाखान्यासारखी पाटी लावून आत डॉक्टर न ठेवणारी, गर्भपाताबद्दल भलतीसलती भीती घालणारी केंद्रंही आहेत. तुमच्याकडं वैद्यकीय परवाना नसेल तर तसं लिहून लावा, असा कायदा कॅलिफोर्नियानं केला. केंद्रं सुप्रीम कोर्टात गेली आणि २०१८ मध्ये पाच विरुद्ध चारनं जिंकली. जिंकली असतील. पण "इथं डॉक्टर नाही" हे सांगायला ख्रिस्ती माणसाला कायदा कशाला लागावा? आणि आपल्या ग्रुपवरच्या उपदेशात जी "उनाड पोरगी" असते ना, तीही तिथं क्वचितच भेटते. तिथं गर्भपात करून घेणाऱ्या बायकांत आधीच एक-दोन मुलं असलेल्याच जास्त आहेत. त्यांना पदरची मुलं जगवायची असतात.

मदर तेरेसांनी १९७९ मध्ये नोबेल घेताना सांगितलं की आम्ही गर्भपाताशी दत्तकानं लढतो. दवाखान्यांना, पोलीस ठाण्यांना निरोप धाडून ठेवायच्या, मूल मारू नका, आम्हाला द्या. मला हे बोलणं आवडतं, कारण त्यात स्वतःच्या अंगावर काम घेतलेलं आहे. पण त्यांच्याच सिस्टरांनी २०१५ मध्ये नव्या नियमांनुसार एकट्या, घटस्फोटित माणसांना मूल द्यावं लागेल म्हणून दत्तकाचं काम थांबवलं, तेव्हा वाईट वाटलं. नवऱ्याशिवाय आई झालेलीला जवळ करायचं, आणि नवऱ्याशिवाय आई होऊ पाहणारीला नाही म्हणायचं, हा हिशेब मला अजून लागलेला नाही.

आपल्याकडचा कायदा तरी माहीत करून घ्या. १९७१ चा आहे, २०२१ मध्ये सुधारलेला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं आणि काही ठरावीक परिस्थितीत चोवीसपर्यंत दोघांच्या मतानं गर्भपात करता येतो. सज्ञान बाईला नवऱ्याची, बापाची सही लागत नाही. अविवाहित बाईलाही तोच हक्क, हे सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलं. अठराच्या आतली असेल तर पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवावं लागतं, पण पोरीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं तिचं नाव उघड करायची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे. नावाच्या भीतीनंच पोरी दवाखाना टाळतात. मूल जन्माला घालायचं पण सांभाळता येणार नाही, असं असेल तर बाल कल्याण समितीपुढं रीतसर स्वाधीन करता येतं आणि फेरविचाराला साठ दिवस मिळतात. हे सगळं तिला खरं खरं सांगायचं, आपल्याला न आवडणारा भागसुद्धा. मग ती काय ठरवते ते तिच्यावर. तिनं आपल्या मनासारखं ठरवलं नाही तर तिच्यासाठी रिक्षा बोलावायची की नाही, असं मला महिला मंडळात विचारलं गेलं. बोलवायची. आणि सोबत जायचं.

नाताळात आपण मरीयेचं नाटक बसवतो. लग्नाआधी दिवस राहिलेली मुलगी. योसेफानं तर गुपचूप सोडून द्यायचा विचारही केला होता. त्या अवघड दिवसांत ती नात्यातल्या अलीशिबेकडं गेली आणि सुमारे तीन महिने तिथं राहिली, असं लूक लिहितो. नाटकात हा प्रवेश दोन मिनिटांत उरकतात, मेंढपाळांना जास्त वेळ लागतो.

चर्चच्या आवारात जुन्या बंगल्यामागं दोन खोल्या आहेत. सध्या त्यात लग्नाच्या खुर्च्या आणि एक फुटक्या भात्याची पेटी पडून आहे. त्या खोल्या मिळाव्यात म्हणून मी पास्टरेट कमिटीकडं (चर्चचा कारभार पाहणाऱ्या) अर्ज दिलाय. एका वडीलधाऱ्या भावांनी विचारलं, "असल्या पोरी आवारात आणल्या तर आपल्या पोरींवर काय परिणाम होईल?" भाऊ, असल्या पोरींत आपल्याही पोरी असतात. तुमच्यापर्यंत येत नाहीत एवढंच, सिस्टरपर्यंत येतात.

कमिटीची बैठक व्हायची आहे. खोल्या मिळोत न मिळोत, मला माणसं हवी आहेत. कोर्ट-कचेरी समजणारी एखादी वकीलबाई, अपरात्री गाडी काढू शकणारं कुणीतरी, आणि सिव्हिलला चार तास रांगेत बसेल पण "कुणाचं आहे?" असं विचारणार नाही अशी एक धीराची बाई. बाळाचे कपडे नकोत, ते सगळेच देतात. ज्यांना यायचंय त्यांनी मला इनबॉक्समध्ये कळवा, इथं नावं लिहू नका.