वॉस्प्स कशाने बुडाला

"इंग्लिश रग्बी संघटनेचा संस्थापक असलेला लंडनचा वॉस्प्स क्लब दीडशे वर्षे सुखाने नांदला, कोरोनाने मैदान ओस पाडले आणि उरलेला जीव करखात्याने घेतला," असा मजकूर पुष्कळ फिरला. क्लब गेल्याची हळहळ मलाही आहे, पण या मजकुरातले जवळजवळ प्रत्येक विधान तपासावे लागते.

क्लब १८६७ चा, हे खरे. मात्र २६ जानेवारी १८७१ रोजी संघटना स्थापन झाली, त्या बैठकीचे निमंत्रण असूनही वॉस्प्सचा प्रतिनिधी तेथे पोहोचलाच नाही. त्यामुळे संस्थापकांच्या यादीत त्यांचे नाव नाही.

सुखाने नांदण्याचे म्हणाल, तर १९९५ मध्ये रग्बी व्यावसायिक झाली आणि पुढच्याच वर्षी १९२३ पासूनचे सडबरीचे घरचे मैदान सुटले. मग लॉफ्टस रोड, मग हाय विकम, दोन्हीकडे फुटबॉल क्लबांच्या मैदानांवर. त्याच बिऱ्हाडात असताना संघाने सलग तीन वेळा लीग जिंकली आणि २००४ व २००७ मध्ये युरोपचे विजेतेपद मिळवले. २००४ च्या अंतिम सामन्यात, चेंडू आपोआप रेषेपार जाईल म्हणून प्रतिस्पर्धी फ्रेंच क्लब तुलूझचा प्वात्रनो क्षणभर थबकला आणि वॉस्प्सच्या रॉब हाउलीने झेप घेऊन त्यावर हात टेकवून विजयाचे गुण मिळवले. तो क्षण विसरणे शक्य नाही. तरीही २०१२ मध्ये हाच क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता, म्हणजे कोरोनाच्या आठ वर्षे आधी.

खरे दुखणे लंडनबाहेरच्या कॉव्हेंट्री शहराचे आहे. २०१४ मध्ये क्लबने तिथले बत्तीस हजारांवर आसनांचे स्टेडियम घेतले, आणि २१ डिसेंबरच्या पहिल्या सामन्याला २८,२५४ प्रेक्षक आले. पण २०१५ मध्ये साडेसहा टक्के व्याजाने साडेतीन कोटी पौंडांचे रोखे काढले गेले. वर्षाला सुमारे तेवीस लाख पौंड नुसते व्याजाचे, आणि मुद्दल फेडायची मुदत मे २०२२. कोरोनाने सामन्यांचे आणि कार्यक्रमांचे उत्पन्न थांबवले, हे मान्यच आहे. परंतु फेडीची तारीख साथीच्या पाच वर्षे आधी ठरलेली होती, आणि ती उलटली तेव्हा नवे कर्ज उभे राहिले नाही.

करखात्याचे येणे सुमारे वीस लाख पौंडांचे, म्हणजे रोख्यांच्या मुद्दलाचा सतरावा-अठरावा हिस्सा. त्या तगाद्याने शेवट लवकर आला असेल, पण ओझे रोख्यांचेच होते. १७ ऑक्टोबर २०२२ रोजी क्लबवर दिवाळखोरीतला कारभार पाहणारे प्रशासक आले आणि त्याच दिवशी खेळाडू व कर्मचारी मिळून १६७ जणांच्या नोकऱ्या गेल्या.