काहीही चालेल

शनिवारी संध्याकाळी सात वाजता आमच्या घरातली चारही माणसं सुखात होती, हे आधी नोंदवून ठेवतो. आई टीव्हीसमोर डोळे मिटून बसली होती (आवाज बंद केला की जागी होते). बायको तीन महिने पुरवून पुरवून वाचलेल्या कादंबरीच्या शेवटच्या तीस पानांत होती. मुलगी तिच्या खोलीत, म्हणजे फोनमध्ये होती. मी बाल्कनीत कठड्यावर पाय टाकून समोरच्या झाडाकडे बघत बसलो होतो. अशा वेळी माणसाने तोंड उघडू नये. मी उघडलं.

"आज बाहेर जेवायला जायचं का?"

का म्हणालो? कारण खालून एक कुटुंब नटूनथटून चाललं होतं आणि मला एकदम अपराध्यासारखं वाटलं. आमचा भाग शहराच्या कडेचा, गर्द झाडांचा, जुन्या बंगल्यांचा. बंगल्यांचे मालक हळूहळू मुलांकडे राहायला गेले आणि बंगल्यांची हॉटेलं झाली. पायी जाण्यासारखी दहा-बारा तरी असतील. त्यांतल्या एकातही आम्ही पाऊल टाकलं नव्हतं. आपण घरच्यांना कुठे म्हणून नेत नाही, असं वाटून गेलं.

बायकोने पुस्तकात बोट घातलं आणि म्हणाली, "चालेल."

आतून मुलगी म्हणाली, "चालेल."

आई डोळे न उघडता म्हणाली, "माझं काय रे, मला कुठेही चालेल."

वास्तविक मला हे कळायला हवं होतं. जेरी हार्वे नावाच्या अमेरिकन व्यवस्थापनतज्ज्ञाने १९७४ साली एक किस्सा लिहून ठेवलाय. टेक्ससमधलं कोलमन गाव, चाळीस डिग्री ऊन, आणि याच्या सासुरवाडीची मंडळी ओसरीवर आरामात डॉमिनो खेळत बसलेली. सासरे म्हणाले, ॲबिलीनला जेवायला जाऊ. सगळे हो म्हणाले. त्रेपन्न मैल जाणं, तेवढंच येणं, गाडीला एसी नाही, वाटभर धूळ आणि जेवण टाकाऊ. घरी परतल्यावर उलगडा झाला की कुणालाच जायचं नव्हतं. सासऱ्यांनाही नव्हतं, बाकीचे कंटाळले असतील म्हणून त्यांनी आपलं सुचवलं होतं. याला ॲबिलीन पॅराडॉक्स म्हणतात. हार्वेला मराठी येत असतं तर एवढा खटाटोप करावाच लागला नसता. 'चालेल' म्हटलं की आलं सगळं.

मग कुठे जायचं यावर पाऊण तास. वाद झाला असता तर दहा मिनिटांत आटोपलं असतं, पण वाद घालायला कुणाचं तरी मत लागतं. शेवटी मुलीने फोनवर तारे मोजले आणि चार पॉइंट सहावालं एक हॉटेल काढलं. हा ताऱ्यांचा उद्योग टायरवाल्यांनी वाढवलाय, हे मी तिला सांगितलं. मिशेलिनने १९०० साली वाहनचालकांसाठी पुस्तिका काढली ती लोकांनी गाड्या जास्त हाकाव्यात, टायर जास्त झिजावेत म्हणून. १९२६ मध्ये त्यात हॉटेलांना तारा मिळू लागला, पुढे तीनपर्यंत गेले. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावं असं, तीन म्हणजे मुद्दाम प्रवास करून जावं असं.

"बाबा, ते आपल्यापासून सहाशे मीटरवर आहे," मुलगी म्हणाली.

सहाशे मीटर, पण आईच्या गुडघ्यांमुळे गाडी काढली. आमच्या भागात गाडी लावायला जागा मिळणं हा पूर्वजन्मीच्या पुण्याचा भाग आहे, आणि आमचं पुण्य चारशे मीटर पुढे, एका मोठ्या झाडाखाली निघालं. तेवढीच एक जागा मोकळी कशी, हा प्रश्न मला पडायला हवा होता. उत्तर परत आल्यावर काचेवर, टपावर आणि दोन्ही आरशांवर मिळालं. त्या झाडावर बगळे राहतात. शिवाय तिथून हॉटेलपर्यंत चारशे मीटर पायी. तिघींचं 'चालेल' असं शब्दशः खरं झालं.

झाडांच्या रस्त्याचं कौतुक दिवसा करावं. रात्री दिव्यांचे खांब फांद्यांच्या वर असतात आणि उजेड सगळा पानांना मिळतो. हॉटेलच्या पाट्या फांद्यांच्या मागे, आणि असल्या हॉटेलांच्या पाट्या मुळातच अशा की नाव जितकं बारीक तितकं बिल ठसठशीत. नकाशावर विसंबावं, तर वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून निघालेला सिग्नल अख्खं आकाश पार करतो आणि आमच्या गल्लीतल्या ओल्या पानांत अडखळतो. फोनने जाहीर केलं, आपण पोहोचलात. समोर फाटक, आत व्हरांड्यात एक आजोबा वर्तमानपत्र घेऊन बसलेले. त्यांनी मान वर न करता बोट डावीकडे केलं. फाटकावर पुठ्ठ्याची पाटी होती : 'हॉटेल पुढच्या गेटात. इथे माणसं राहतात.' रात्री मुक्कामी परत येईपर्यंत वाचलेला तेवढाच एक स्वच्छ मजकूर.

कारण आत अंधार. प्रत्येक टेबलावर एक मेणबत्ती, आणि तिच्या उजेडात फक्त मेणबत्ती दिसत होती. मेन्यूकार्ड मागितलं तर वेटरने लाकडाचा एक ठोकळा दाखवला. त्यावर क्यूआर कोड. हा कोड १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला काढला. त्याचा बराचसा भाग मळला-फाटला तरी तो वाचता येतो, अशी त्याची बांधणी असते. आमच्या ठोकळ्यावर आधीच्या मंडळींच्या जेवणाचा ओघळ बरोबर मधोमध होता, तरी फोनने तो वाचला. मला मात्र फोनवरचं काही वाचता येईना. चश्मा गाडीत, गाडी बगळ्यांखाली. मेन्यू दोन बोटांनी मोठा करावा तर पदार्थाचं नाव जाऊन नुसती किंमत उरायची. ती मात्र चश्म्याशिवाय दिसत होती.

आणि आवाज. बंगल्याची जुनी उंच छतं, उघड्या भिंती, फरशी, कुठे पडदा म्हणून नाही. १९११ साली एतिएन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं की भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. शेजारचं टेबल चढवतं म्हणून आपण, आपण चढवतो म्हणून पलीकडचं. पंचवीस माणसं एकमेकांना अत्यंत खासगी गोष्टी ओरडून सांगत होती. आमच्या डावीकडच्या जोडप्याचं बिनसलंय आणि चूक त्याची आहे, हे मला अजून पाठ आहे.

अशात वेटर आला आणि आजचे खास पदार्थ तोंडाने सांगू लागला. तो नेमका आईच्या बाजूला उभा राहिला. वडीलधाऱ्या म्हणून तिच्याकडे बघून बोलला, हे त्याचे संस्कार. आईला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, हा आमचा भोग. तो काहीतरी म्हणाला, आई हसून म्हणाली, "चालेल." त्याने लिहून घेतलं. तो पुन्हा काहीतरी म्हणाला. "चालेल." आम्ही तिघं एकाच फोनवर डोकी घालून बसलो होतो. आमचं लक्ष गेलं तेव्हा तो पान उलटत होता.

"आई, काय विचारत होता तो?"

"बसायला जागा ठीक आहे ना, थंडी वाजत नाही ना... चौकशी करत होता बिचारा. गुणी मुलगा आहे."

गुणी मुलाने सात पदार्थ आणले. त्याआधी चार सूप आणि निळ्या बाटलीतलं पाणी, जे बहुधा पहिल्या 'चालेल'चं फळ असावं. एकेक ताट एवढं मोठं की टेबलावर मावेना, आणि ताटाच्या मधोमध पदार्थ एवढासा की मेणबत्ती जवळ नेऊन शोधावा लागला. एकावर तर नुसतं पान दिसत होतं. आईने ते उचलून बघितलं, उलटं करून बघितलं आणि म्हणाली, "आपल्या फाटकाजवळ उगवतं हे."

"कसं वाटलं, सर?" गुणी मुलाने विचारलं.

आमच्या चौघांच्या मनात काय होतं हे एकमेकांना पाठ होतं. सूप कोमट होतं. पाचवं ताट कुणी ओळखू शकलं नव्हतं. बायकोला तिची तीस पानं आठवत होती. मी तोंड उघडलं आणि चार कंठांतून एकच शब्द बाहेर पडला. "छान."

त्याने फोन पुढे धरला. पाच चांदण्या, रिकाम्या. तो बाजूलाच उभा होता, बुटांवर शेजारच्या टेबलाचं सूप सांडलेलं, दिवसभर उभा राहून पाय दुखत असावेत. मुलीने पाचही रंगवल्या. खाली दोन शब्द लिहा असं होतं, तिथे बायकोने सुचवलं, 'शांत, प्रसन्न वातावरण'.

गाडी धुवायला रात्रीचे पावणेअकरा झाले. घरी शिळ्या पोळ्या होत्या, त्या चौघांनी उभ्या-उभ्या खाल्ल्या. मग एकेक करून बाहेर आलं. बायको म्हणाली, मी तुमच्यासाठी आले. मुलगी म्हणाली, मी आजीसाठी. आई म्हणाली, "मला तर टीव्ही बघायचा होता."

पुढच्या सोमवारी सकाळी फिरताना वरच्या मजल्यावरचे काका भेटले. म्हणाले, "तुमच्या मुलीने त्या हॉटेलला पाच तारे दिलेले बघितले. म्हटलं, शेजारी म्हणतायत तर जाऊन यावं. काल सगळे गेलो होतो."

"मग? कसं वाटलं?"

काका थबकले. वर झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग रस्त्याकडेला उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे. तिच्या टपावर पांढरे ठिपके होते.

"छान," काका म्हणाले.