किरकोळ दुरुस्त्या व सुधारणा

काल त्या टूलची नवी आवृत्ती आली. फायलींची यादी रकान्यांत मांडून दाखवणारं, कमांड लाइनवर चालणारं एक छोटंसं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं टूल. यादीत देवनागरी नाव आलं की पुढचा रकाना डावीकडे घसरायचा, कारण ते टूल अक्षरं सोडून बाइट मोजत बसायचं. ‘पणजी’ डोळ्यांना तीन अक्षरं, पण संगणक ती साठवतो त्या यूटीएफ-८ पद्धतीत १२ बाइट.

मी ते सरळ केलं. बदल एका ओळीचा, त्यावरची चर्चा पावसाळाभर. आधी टेस्ट लिहा. मग कमिटचा, म्हणजे बदलाच्या नोंदीचा मथळा ५० अक्षरांत बसवा, शेवटी पूर्णविराम नको. व्हेरिएबलच्या नावात अंडरस्कोअर हवा की नको यावरून दोन परदेशी गृहस्थ आपसात जुंपले, मला कोणी विचारलंही नाही. इकडे टेस्ट अर्ध्यावर आली की लाईट जायची. आणि एवढं होऊन काल बदलांच्या यादीत तळाला काय, तर ‘किरकोळ दुरुस्त्या व सुधारणा’. त्या ‘किरकोळ’मध्ये मी.

नेमके तेव्हाच शेजारचे भाई आले. भाई आमच्या देवळाच्या कमिटीचे खजिनदार. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि मिरची-भज्याचं बोट माझ्या स्क्रीनवर टेकवलं.

“तुझं नाव खंय?”

“इथे नसतं, भाई. गिट नावाच्या बदलांच्या वहीत असतं. प्रत्येक बदलाबरोबर करणाऱ्याचं नाव आणि ईमेल कायमचं राहतं.”

“कोणाला दिसतं?”

“गिट लॉग अशी कमांड आहे. ती दिली की...”

“म्हणजे दिल्याशिवाय दिसत नाही.”

“नाही.”

“आमच्या सभामंडपात कोणी पंखा दिला तर पात्यावर नाव रंगवतो. तिन्ही पात्यांवर.”

“पण फिरता पंखा कोण वाचणार?”

“लाईट जाते ना रे! मग अख्खा गाव मान वर करून वाचतो.” भज्याचं बोट आता छताकडे गेलं. “बरं, पैसे किती दिले तुला?”

“काही नाही.”

“आणि तो वर बसून हो-नाही करतो, त्याला?”

“त्यालाही काही नाही. फावल्या वेळात करतो.”

भाईंना खरा धक्का इथे बसला. “मग तोरा कसला दाखवतो?”

आता भाईंना एक्सझेडचं, म्हणजे फायली दाबून लहान करणाऱ्या त्या ओपन सोर्स टूलचं प्रकरण कुठून सांगत बसू? ‘जिया टॅन’ नावाने कोणीतरी २०२१ पासून तिथे अशाच बारीकसारीक दुरुस्त्या गोड बोलून पाठवत राहिला. ते टूल सांभाळणाऱ्या थकलेल्या मेंटेनरने शेवटी त्याच्या हाती किल्ल्या दिल्या, आणि २०२४ मध्ये त्याने ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. दूरच्या संगणकात शिरायच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या शंकेने आंद्रेस फ्रॉइंड नावाचा प्रोग्रामर खोलात शिरला म्हणून तो सापडला. तेव्हापासून नवा माणूस दिसला की लोक दारातच अडवतात, हे मला कळतं. पण चोराला किल्ल्या आणि मला पूर्णविरामावरून बोलणी? आणि संशय असेल तर कोड तपासा की, अंडरस्कोअर काय तपासता! शिवाय हाच रकाना रोमन नावांनी घसरला असता, तर दुरुस्ती त्याच दिवशी झाली असती आणि यादीत सगळ्यात वर झळकली असती. आपली भाषा लिहिली की सगळं किरकोळ.

हे मी बहुधा मोठ्याने बोललो असणार. कारण भाई उठले, माझ्या खांद्यावर थोपटलं (तेच बोट) आणि सदऱ्याच्या खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

“देणगीदारांची यादी आहे. रकाने सगळे इकडचे तिकडे झालेत. तू फुकटात करतोसच, तर चवथीआधी एवढी नीट करून दे.”

दारापर्यंत जाऊन परत वळले.

“नावं पूर्ण घाल हां, वडिलांच्या नावासकट. त्यांची. तुझं कुठे घालू नकोस, लोक पावती विचारतात.”