डावा गाल शहाण्णव टक्के

सुरुवातीलाच मुलाने मला दुरुस्त केलं. "बाबा, ती वेशभूषा नव्हे. कॉस्प्ले." बरं बाबा, कॉस्प्ले. आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी नाटक होतं आणि दरवर्षी कोणीतरी दाढी चिकटवून अफझलखान होतो; त्याला आजवर कोणी कॉस्प्ले म्हटलेलं नाही, पण असो. चिरंजीवांना कॉस्प्लेच्या कार्यक्रमासाठी हवं होतं अंतराळातल्या सैनिकाचं हेल्मेट. तयार हेल्मेटची किंमत पाहून मी मोबाईल पालथा ठेवला आणि बोलून गेलो, "त्यात काय, कागदाचं घरीच करू."

महिना आषाढ. गोव्यात फोंड्याच्या आसपास आषाढात उघडं ठेवलेलं मीठ संध्याकाळपर्यंत पाझरतं, पापड वाकतो, कपाटातल्या बुटांवर हिरवी लव येते. अशा हवेत मी कागदाशी वैर घेतलं.

या विद्येला पेपाकुरा म्हणतात. 'पेपर क्राफ्ट'मधली निम्मी अक्षरं गिळून जपानी लोकांनी केलेला हा शब्द. त्याच नावाचं सॉफ्टवेअरही आहे. त्याला संगणकातलं त्रिमिती मॉडेल दिलं, की फणस फोडून गरे ताटात मांडावेत तसं ते त्याचे सपाट तुकडे करून ए-फोर कागदावर पसरतं. प्रत्येक कडेला नंबर. सत्तावन्नची कड शोधायची, दुसरी सत्तावन्न शोधायची, दोघींचं लग्न लावायचं. अशा चारशेहून जास्त कडा होत्या.

डोक्याचा घेर मोजला: ५८ सेंटिमीटर. त्याप्रमाणे मॉडेल मोठं केलं. २८ पानं झाली. २०० जीएसएमचा जाड कागद घेऊन बाजारातल्या एका झेरॉक्सवाल्याकडे गेलो. पंधरा पानं सुरेख आली. सोळावं अडकलं. त्याने मशीन उघडलं, कागद ओढला, देवाचं नाव घेतलं आणि पुन्हा सुरू केलं. मशीन सुरू झालं तसं 'पानात मावेल असं छापा' या चौकटीतली खूण आपोआप परत आली, हे ना त्याला दिसलं, ना मला. पहिली पंधरा पानं शंभर टक्के. उरलेली तेरा शहाण्णव टक्के.

हे मला कळलं अकरा दिवसांनी.

ते अकरा दिवस मी सुखात होतो, हेही खरं. शाई संपलेल्या बॉलपेनने घड्यांच्या रेघा दाबून घ्यायच्या, म्हणजे कागद नेमका तिथेच वळतो. तुटक रेघ एका बाजूला वळवायची, तुटक-ठिपक्याची दुसऱ्या बाजूला. कुठली कुठे हे मी पहिल्या दिवशी पाहिलं नाही, त्यामुळे हनुवटी आत गेली आणि सैनिक म्हातारा, बोळका दिसू लागला. ती परत केली. डिंक लावला की कागद पाणी पिऊन फुगायचा, म्हणून झटकन चिकटणारा गोंद आणला. त्याने माझा अंगठा तर्जनीला झटकन चिकटवला. माझे बाबा बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसून हे सगळं बघत होते. त्यांनी जत्रेच्या नाटकांत पंधरा वर्षं राजाची भूमिका केली आहे. "पुठ्ठा, बेगड आणि खळ," ते म्हणाले. "एका रात्रीत मुकुट व्हायचा. प्रयोगात तिरका झाला तर प्रधान सरळ करायचा."

बाराव्या दिवशी डावा गाल जोडायला घेतला. वीस सेंटिमीटरच्या कडेला ८ मिलिमीटर कमी. ओढलं, दाबलं, दमटपणाला शिव्या दिल्या. दमटपणाचाही हात होताच म्हणा. कागदाचे तंतू ओल धरून फुगतात, आणि तेही आडवे जास्त, उभे कमी. पण एवढं हवेनेच केलं असेल यावर कोणी विश्वास ठेवेना. पट्टी आणली. मोजलं. बायकोने फक्त विचारलं, "आता?" मी म्हटलं, माणसाचाही एक गाल दुसऱ्यासारखा नसतो. रेटून जोडलं.

मग त्याला टणक करायचं होतं. कागदावर रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, आणि आतून फायबरच्या कापडाचे तुकडे. होड्या करतात तेच तंत्र. होड्या दुरुस्त करणाऱ्या एकाने अर्धा लिटर दिलं आणि वर बजावलं, "पावसात करू नको हां, वर चिकट राहतं." मी म्हटलं, आमचा बलकांव कोरडा आहे. गोव्यातला बलकांव पावसाळ्यात कोरडा असतो असं म्हणणारा माणूस मी स्वतः असेन असं मला वाटलं नव्हतं. रेझिन चिकटच राहिलं. त्याच संध्याकाळी पावसाळी पाखरं उठली. दिवा हेल्मेटच्या बरोबर वर. सकाळी सैनिकाच्या डोक्यावर शे-दीडशे पंख उभे होते, आणि मी फायबरने कोपरापर्यंत खाजवत होतो. शेजारच्या मावशी कुंपणावरून म्हणाल्या, "हें किदें रे? मोर?"

घासलं, पुट्टी लावली, रंग दिला. आणि घालून पाहिलं. मुलाला नव्हे, आधी मीच. घेर कपाळाचा मोजला होता. डोकं ज्यातून आत जातं ते खालचं तोंड मोजायचं राहिलं. आत शिरताना कान दुमडले आणि शिरले. बाहेर येताना दुमडेनात. नेमका तेव्हा पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, आला. भोंपू वाजला, बायको घरात नव्हती, बाबांना ऐकू येत नाही. मी गेलो. पोदेराने माझ्याकडे पाहिलं, मी आतून "सहा उंडे" म्हटलं ते "हु हु हुंडे" असं आलं. त्याने सहाच मोजून दिले आणि पैसे न घेता सायकल वळवली. ते अजून द्यायचे आहेत.

मागची बाजू करवतीने उघडून मला काढलं. मुलाने हेल्मेट हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिलं. "बाबा, मी प्रेक्षक म्हणून जातो," म्हणाला. शहाणा आहे, आईवर गेलाय.

गणेशचवथीआधी समोरच्या प्लॉटवर घर बांधणारे गृहस्थ आले. त्यांची नजर कोपऱ्यात गेली. वाकडं तोंड, एक गाल लहान, कपाळावर पाखरांचे डाग, रंग सुटलेला. "दिष्टीसाठी हेंच जाय!" ते म्हणाले. नव्या घराला दृष्ट लागू नये म्हणून टांगायला हेच हवं, असं. "कुठल्या बाजारात मिळालं?" मी किंमत सांगितली नाही, त्यांनी चार नारळ दिले.

आता ते त्यांच्या दुसऱ्या मजल्याच्या खांबाला टांगलेलं आहे. दोन महिने पावसात आहे, रेझिन एकदाचं कडक झालंय. डावा गाल हलका असल्यामुळे वारा आला की ते हळूहळू वळतं आणि आमच्या बलकांवाकडे बघत राहतं. बाबा म्हणतात, प्रधानाला सांगा, सरळ कर.